आमचे बिलायती बिऱ्हाड, मुक्काम क्राकुव

क्राकुवमध्ये बिऱ्हाड केल्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या यजमानांनी शेजारणीचा अपमान केला. निदान त्यांची स्वतःची तशी समजूत झाली.

त्याचे असे झाले. सकाळी दाराची घंटा वाजली. दार उघडतो तो समोर पासष्टीच्या घरातल्या एक बाई उभ्या. अंगात विणलेले जाकीट, पायात सपाता आणि हातात रुमालाने झाकलेली बशी. आमचे हे इंग्रज, यॉर्कशरचे. सभ्यता हाडीमाशी खिळलेली. तोंडभर हसून ते पुढे झाले आणि उंबरठ्याच्या आतूनच त्यांनी हस्तांदोलनासाठी हात लांबवला. बाईंनी चटका बसावा तसा आपला हात मागे घेतला, मान हलवली आणि ह्यांना जवळजवळ बाजूला सारून त्या घरात शिरल्या. बशी टेबलावर ठेवली आणि मग स्वतःच हात पुढे केला. चेहऱ्यावर हसू म्हणाल तर नाव नाही!

हे गोरेमोरे झाले. मला मात्र हसू आवरेना. कोल्हापुरात आमची आजी उंबरठ्यावरून कुणाच्या हातात चिमूटभर मीठ देत नसे. "आत तरी ये, नाहीतर बाहेर तरी जा. मधेच काय देणं-घेणं?" असे ती डाफरायची. पोलंडमध्येही उंबरठ्यावरून हात मिळवणे अशुभ मानतात, हे मला कुणी सांगावे लागले नाही. साहेबाला मात्र ते पुस्तकात वाचून घ्यावे लागले.

वाचक म्हणतील, कोल्हापूरची मुलगी, इंग्रज नवरा आणि पोलंडात संसार, हे त्रैराशिक जमले कसे? थोडक्यात सांगते. १९८८ साली मी शिकायला लीड्सला गेले आणि तिथलीच झाले. यथावकाश भारताचा पासपोर्ट परत केला आणि ब्रिटनचा घेतला. माझ्या आईला जावई पसंत होता. "साहेब साहेब म्हणतात तो हाच का? बरा आहे की. भात कालवून खातो," एवढाच तिचा अभिप्राय. पुढे मुलगा हाताशी आला, आपल्या वाटेने गेला आणि पन्नाशी ओलांडलेल्या ह्यांनी एक दिवस जाहीर केले, की क्राकुवच्या एका भाषाशाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळते आहे. "दोन वर्षं जाऊन येऊ." ते साल २०११.

गंमत अशी, की त्या काळात सारा ओघ उलट्या दिशेने होता. २००४ च्या मे महिन्यात पोलंड यूरोपीय संघात आला. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन ह्या देशांनी पोलिश कामगारांना लगेच दारे उघडली आणि लाखो पोलिश तरुण इंग्लंडात उतरले. २०११ च्या शिरगणतीत इंग्लंड आणि वेल्समध्ये इंग्रजीखालोखाल सर्वांत जास्त लोकांची भाषा ठरली ती पोलिश. ५ लाख ४६ हजार लोकांची. आमच्या लीड्सच्या गल्लीच्या तोंडाशीही पोलिश वाण्याचे दुकान उघडले होते. आणि आम्ही दोघे, जत्रेला निघालेल्या गर्दीतून उलटे घरी परतणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे, पोलंडकडे निघालो.

पान आणि पानी

तिसऱ्या मजल्यावर आमची जागा. समोरच त्या बाईंची. इमारतीला लिफ्ट नाही. जिन्यात माणूस भेटला की "ज्येन दोब्री" म्हणायचे, म्हणजे दिवस चांगला जावो. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत शिरतानाही साऱ्या अनोळखी मंडळींना उद्देशून हे म्हणायचे आणि निघताना "दो विद्झेन्या" म्हणून निरोप घ्यायचा. पण हसायचे नाही. इंग्रज माणूस रस्त्यात नजरानजर झाली की ओठ फाकवतो. पोलिश माणसाला वाटते, ह्याला झाले तरी काय?

इंग्लंडात "कसं काय?" हा प्रश्न नसतोच. ती नुसती खाकरणी. उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. आमच्या ह्यांनी पहिल्या आठवड्यात बाईंना जिन्यात तो प्रश्न पोलिशमध्ये विचारला. बाई थांबल्या. "स्तारा ब्येदा," म्हणाल्या. म्हणजे तीच जुनी विवंचना. आणि मग उजवा गुडघा, निवृत्तिवेतन, इंग्लंडात शेफील्डला असलेली लेक, तिचा आगाऊ नवरा, असे सविस्तर सांगितले. हे वीस मिनिटे दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभे. वर आल्यावर म्हणाले, "मी फक्त विचारलं होतं!" मी म्हटले, "त्यांनी फक्त उत्तर दिलं."

पोलिशमध्ये परक्या पुरुषाला 'पान' आणि स्त्रीला 'पानी' म्हणतात. इतकेच नव्हे, तर त्यांच्याशी बोलायचेही तृतीयपुरुषी. "पानी चहा घेणार का?" म्हणजे आपल्याकडे जुन्या वाड्यात "बाईसाहेबांनी चहा घ्यावा" असे म्हणत, त्यातला प्रकार. एकेरीवर येणे हा सोपा मामला नाही. वर्षानुवर्षे शेजारी राहून माणसे पान आणि पानीच राहतात. एकेरी सुरू करायचे तर वयाने मोठ्या माणसाने किंवा बाईने पुढाकार घ्यायचा. मग दोघांनी कोपरात कोपर अडकवून एकेक पेला घ्यायचा, गालाला गाल लावायचा आणि नाव सांगायचे. जवळजवळ मुंजीसारखा संस्कार!

ह्यांना हे फार लागे. यॉर्कशरमध्ये नळ दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा दुसऱ्या वाक्याला नावाने हाक मारतो. इथे बाईंनी त्यांना 'पान प्रोफेसोर' करून टाकले. ते प्रोफेसर नाहीत, साधे मास्तर आहेत, असे त्यांनी तीनदा सांगून पाहिले. उपयोग झाला नाही. हायस्कूलच्या मास्तरालाही प्रोफेसर म्हणण्याचा इथे रिवाज आहे.

भाषेच्या बाबतीत मात्र माझी सरशी झाली. पोलिशमध्ये सात विभक्त्या आहेत. पुस्तकातला तो तक्ता पाहून हे डोक्याला हात लावून बसले. मी पाहिले तो काय, आपली प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी, सप्तमी आणि संबोधनसुद्धा! पंचमी तेवढी गळालेली. शाळेत संस्कृतच्या मास्तरांनी छडीच्या जोरावर जे 'रामः रामौ रामाः' घोकून घेतले, ते चाळीस वर्षांनी व्हिस्तुला नदीच्या काठी कामी आले. दोन म्हणजे 'द्वा', चार म्हणजे 'च्तेरी', आग म्हणजे 'ओग्येन्', अग्नीचेच भावंड. एकदा बाई आपल्याविषयी सांगताना म्हणाल्या, "मी व्दोवा." ह्या शब्दासाठी मला शब्दकोश उघडावा लागला नाही. 'विधवा' आणि 'व्दोवा'. ह्यांचा इंग्रजी 'विडो'ही त्याच घराण्यातला. तीन भाषांनी तिन्ही सुखाचे शब्द वेगळे ठेवले आणि हा एक तेवढा सारखा ठेवला, असे त्या दिवशी मला वाटून गेले.

बाळंतिणीचा चहा

एकदा मी बाईंना चहाला बोलावले. त्यांनी दारातच जोडे काढले. ही पद्धत इथे घरोघर आहे. पाहुण्यांसाठी सपातांचे जोडच ठेवलेले असतात. साहेबाला स्वतःच्या घरात मोज्यांवर वावरायला शिकायला वर्ष लागले. तर बाई बसल्या. ह्यांनी मोठ्या प्रेमाने इंग्रजी पद्धतीचा दूध घातलेला चहा आणला. बाईंनी कपात पाहिले, मग ह्यांच्या कपात पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्यासमोर खदखदून हसल्या.

कारण पुढे कळले. पोलंडमध्ये चहा बिनदुधाचा, लिंबाची चकती घालून पितात. दुधाच्या चहाला 'बावार्का' म्हणतात आणि तो अंगावर दूध यावे म्हणून बाळंतिणीला देण्याची जुनी चाल आहे. साठीकडे झुकलेला मिशाळ साहेब रोज चार वेळा बाळंतिणीचा चहा पितो, ही वार्ता संध्याकाळपर्यंत तळमजल्यापर्यंत पोहोचली. "मीही तोच पिते," असे मी सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "पण पानी तर इंग्रज दिसत नाही."

मग मी कोल्हापूरचे नाव काढले आणि आईने सांगितलेली हकीकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियातून सुटून इराणमार्गे आलेल्या पोलिश निर्वासितांसाठी १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवड्याला छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे. बहुतेक बायका आणि मुले. त्याआधी जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला हजारभर पोलिश मुलांना आसरा दिला होता. आई त्या वेळी आठ-दहा वर्षांची. वळिवड्याच्या गोऱ्या बायका बाजारात येऊन बोटांच्या खुणांनी वांग्यांचा भाव पाडून मागत, ते तिने पाहिले होते. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्या मंडळींच्या आठवणीचा स्तंभ आहे आणि वॉर्साच्या एका चौकाला 'भल्या महाराजां'चे, म्हणजे जामसाहेबांचे, नाव आहे.

बाईंनी सगळे ऐकून घेतले. कपातला बाळंतिणीचा चहा संपवला. मग एक म्हण सांगितली : "गोश्च व दोम, बूग व दोम." पाहुणा घरात, देव घरात. आपल्या 'अतिथिदेवो भव'चे सख्खे भाषांतरच! आणि निघताना म्हणाल्या, "म्हणजे आता पाळी आमची."

त्या नाताळात त्यांनी आम्हांला आपल्याकडे बोलावले. २४ डिसेंबरच्या रात्रीला इथे 'विगिल्या' म्हणतात. दिवसभर हलके खायचे आणि आकाशात पहिली चांदणी दिसली की पानावर बसायचे. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहत बसलेल्या माणसाला ह्यात नवे ते काय? टेबलक्लॉथखाली गवताच्या काड्या, पानात बारा पदार्थ, मांस वर्ज्य. बिटाचे तांबडे सार, नदीतला मासा, रानातल्या अळंब्या आणि खसखशीचे गोड. जेवणाआधी पापडासारखी पातळ पांढरी पोळी प्रत्येकाने दुसऱ्याच्या हातातून मोडून घ्यायची आणि एकमेकांना शुभ चिंतायचे, आपल्या तिळगुळासारखे. टेबलावर एक पान जास्त मांडलेले होते. हे म्हणाले, "कुणी यायचं आहे का?" बाई म्हणाल्या, "ते कुणास ठाऊक! म्हणून तर मांडायचं." अवचित येणाऱ्या पाहुण्याचे ते पान.

शेवटचे कोण?

दोन वर्षांची चार झाली, चाराची आठ. सकाळी ओब्वाझानेक नावाचे कड्यासारखे पाव हातगाडीवरून घ्यावेत, स्तारी क्लेपाशच्या मंडईत लोणच्याच्या काकड्या आणि पांढरे चीज घ्यावे, तासातासाला सेंट मेरीच्या मनोऱ्यावरून तुतारी ऐकावी. ही तुतारी मधेच तुटते. तातारांच्या स्वारीत वाजवणाऱ्याच्या गळ्यात बाण लागला, अशी दंतकथा आहे, म्हणून आजही सूर तिथेच थांबवतात. पहिली काही वर्षे मला ते अपुरे वाटायचे. आता पुरे वाजवले तर चुकल्यासारखे वाटेल.

इंग्रजाचा सर्वांत मोठा अभिमान कोणता, तर रांग. पण पोलंडच्या दवाखान्यात रांग दिसतच नाही. माणसे कुठेही बसलेली, उभी राहिलेली. नवा येतो तो विचारतो, "क्तो ओस्तात्नी?" शेवटचे कोण? कुणीतरी बोट वर करते. बस्स! आता तुम्ही त्याच्या मागे. ती न दिसणारी रांग कुणी मोडून पाहावी! आमचे हे पहिल्या वेळी भिंतीपाशी एकटेच ताठ रांग लावून उभे राहिले आणि दीड तासाने सर्वांच्या शेवटी आत गेले. मला आमच्या लहानपणच्या रेशनच्या दुकानासमोर ठेवलेले दगड आणि पिशव्या आठवल्या. दगड पिशवीच्या मागे आहे, हे सर्वांना ठाऊक असे.

सारेच गोड होते असे नाही. बाईंची जीभ तिखट. १९३९ सालच्या ३ सप्टेंबरला ब्रिटनने पोलंडच्या बाजूने युद्ध पुकारले, तेव्हा वॉर्साचे लोक आनंदाने ब्रिटिश वकिलातीसमोर जमले होते. पण मदत आली नाही आणि महिन्याभरात देश गेला. पुढे १९४५ साली याल्टाला बड्यांनी जो सौदा केला, त्यात पोलंड रशियाच्या पदरात गेले. हे इथे शाळकरी पोरालाही पाठ असते. एकदा हे कशावरून तरी इंग्रजांच्या संयमाविषयी बोलत होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "हो, पान प्रोफेसोर. तुम्ही फार सभ्य लोक. एकोणचाळीस सालीही सभ्यपणे वाट पाहत राहिलात." ह्यांना त्या रात्री जेवण गेले नाही.

दुसऱ्या बाजूचे पासपोर्ट

२०१६ च्या २३ जूनला ब्रिटनने यूरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० ला ते प्रत्यक्ष बाहेर पडले आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला संक्रमणाचा काळ संपला. त्या तारखेआधी इथे रीतसर राहणाऱ्या ब्रिटिशांचे राहण्याचे आणि काम करण्याचे हक्क करारानुसार शाबूत राहिले. नंतर येणाऱ्यांना इतर परदेशीयांसारखे परवाने. आमचे हक्क राहिले. पण कागद करावे लागले. अर्ज, छायाचित्रे, बोटांचे ठसे. शेवटी कार्डे हातात पडली. त्यांवर यूरोपीय संघाच्या कराराच्या ५० व्या कलमाचा उल्लेख. हे कार्ड उलटसुलट करून पाहत म्हणाले, "आता मी एक कलम झालो."

त्यानंतर प्रथमच इंग्लंडहून परत आलो, तेव्हा क्राकुवच्या विमानतळावर दोन रांगा होत्या. एक संघाच्या नागरिकांची, दुसरी बाकीच्यांची. हे सवयीने पहिलीकडे वळले. मी कोट धरून त्यांना मागे ओढले. १९८८ साली लंडनला पहिल्यांदा उतरले, तेव्हा मी अशीच 'बाकीच्यां'त उभी होते आणि शेजारच्या रांगेतून साहेब भराभर पुढे जात होते. ते सारे मनात येऊन मला हसू फुटले. ह्यांना हसू आले नाही. मग मीही हसणे थांबवले. आयुष्यात ज्याला कधी 'तुम्ही कोण' असे कुणी विचारलेले नाही, त्याला साठीनंतर तो प्रश्न पहिल्यांदा ऐकावा लागणे वाईट.

२०२३ साली हे नोकरीतून निवृत्त झाले आणि दिरांची पत्रे सुरू झाली. परत या. म्हातारपण आपल्या भाषेत काढावे. ह्यांचे मन हलले. एके रात्री म्हणाले, "बारा वर्षं झाली. समोरच्या बाई अजून मला 'पान' म्हणतात. मी इथे मेलो तर मला ओळखणारं कोण आहे?" मी उत्तर दिले नाही. पस्तीस वर्षांपूर्वी लीड्सला मीही हाच प्रश्न उशीत तोंड खुपसून विचारला होता. त्याचे उत्तर दुसऱ्याने द्यायचे नसते.

कबरीची किल्ली

२०२४ च्या ऑक्टोबरात, एका संध्याकाळी बाई आल्या. हातात पत्र्याची बादली. तिच्यात ब्रश, फडकी आणि एक किल्ली. आता त्या अठ्ठ्याहत्तरीच्या. गुडघ्याने तीन जिने होत नव्हते. लेक हट्टाला पेटली होती, म्हणून त्या शेफील्डला निघाल्या होत्या. "हिवाळ्यापुरती," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि आम्ही काही विचारले नाही. लीड्सहून शेफील्ड तासाभराच्या वाटेवर. आमच्या गावाला त्या निघाल्या होत्या आणि त्यांच्या गावात आम्ही.

"एक काम आहे," त्या म्हणाल्या. माझ्याकडे नव्हे, ह्यांच्याकडे पाहून.

१ नोव्हेंबर हा इथे सर्व संतांचा दिवस. देशातला प्रत्येक माणूस आपल्या माणसांच्या कबरीवर जातो. आठवडाभर आधी दगड घासूनपुसून ठेवायचा, शेवंतीची फुले ठेवायची आणि 'झ्नीच' लावायचे. म्हणजे काचेच्या झाकणातले, वाऱ्याने न विझणारे दिवे. बाईंचे यजमान रेल्वेत होते. राकोव्हित्स्की स्मशानात त्यांच्या घराण्याची जुनी कबर आहे. किल्ली होती ती कबरीमागच्या लहानशा सामानपेटीची. "त्या दिवशी कबर अंधारात राहिली तर लोक म्हणतील, ह्याचं कुणी उरलं नाही."

हे उभे राहिले. काय बोलावे ते त्यांना सुचेना. शेवटी म्हणाले, "पण मी तर परका माणूस."

"म्हणून तर विचारते आहे," बाई म्हणाल्या. "घरच्यांना सांगावं लागतं, विचारावं लागत नाही."

मग त्यांनी जाकिटाच्या खिशातून चेरीच्या घरगुती दारूची चपटी बाटली काढली. मी तीन लहान पेले मांडले. बाईंनी ह्यांच्या कोपरात कोपर अडकवले, पेला रिता केला, दोन्ही गालांना गाल लावला आणि आपले नाव सांगितले. मग माझ्याशीही तसेच. तेरा वर्षांनी! ते नाव मी इथे लिहीत नाही. ते मला मिळाले आहे, छापायला दिलेले नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दगड धुतला. ह्यांनी कोपरापर्यंत बाह्या सारून एकेक अक्षर ब्रशाने घासले. स्वतःच्या वडिलांची रक्षा त्यांनी यॉर्कशरच्या माळावर उधळली होती. तिथे ना दगड, ना नाव. ते काही बोलले नाहीत, पण काम दोन तास चालले.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनही १ नोव्हेंबरलाच आले होते. मी सकाळी उंबरठ्याशी रांगोळीची चार बोटे ओढली, दाराशी पणत्या मांडून ठेवल्या आणि दुपारी आम्ही ट्राममधून निघालो. ट्राममध्ये ज्याच्या त्याच्या मांडीवर फुले. फाटकापाशी 'तुर्की मध' विकायला बसलेल्या बाया. हा साखर आटवून दाणे घातलेला प्रकार क्राकुवमध्ये ह्याच दिवसांत मिळतो. चव थेट आपल्या चिक्कीची. १८०३ सालचे हे स्मशान. चित्रकार यान मातेय्को इथे आहेत, पोप जॉन पॉल दुसरे ह्यांचे आईवडील इथेच आहेत. सव्वाचारला सूर्य मावळला आणि त्या दगडांच्या गावावर हळूहळू प्रकाश चढू लागला. पिवळा, तांबडा, हिरवा. हजारो दिवे, हजारो माणसे आणि आवाज नाही. पोरेसोरेसुद्धा कुजबुजत बोलतात. दिवाळी म्हटली की फटाके, हा माझा हिशेब. ही मुकी दिवाळी पाहून अंगावर काटा आला.

बाईंच्या यजमानांचे दिवे लावून झाले. ह्यांनी फोनवरून शेफील्डला ते दाखवले. पलीकडून बाई म्हणाल्या, "डावीकडची फुलं जरा वाकडी आहेत." ह्यांनी ती सरळ केली.

मग हे मला स्मशानाच्या दुसऱ्या बाजूला घेऊन गेले. तिथे एकसारख्या पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत. ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या पावणेपाचशेहून अधिक सैनिकांच्या. कुणी जर्मनांच्या कैदेत मेलेले, कुणी विमानी. १९४४ च्या उठावात वॉर्साला रसद टाकायला इटलीहून जी विमाने आली, त्यांपैकी काहींतले तरुण इथे निजले आहेत. वीस वर्षांचे, बावीस वर्षांचे. ह्यांनी खिशात चार दिवे जास्त आणले होते. "ह्यांच्यासाठी कोण येणार?" असे म्हणत ते वळणावरून पुढे झाले आणि थबकले.

तिथे अंधार नव्हता. दगडांपाशी दिवे तेवत होते. एक आजोबा नातवाचा हात धरून एकेका दगडावरचे नाव वाचत होते आणि पिशवीतून दिवा काढून ठेवत होते. ओळखीचे ना पाळखीचे. विगिल्याच्या टेबलावर जास्तीचे पान मांडावे, तसे हे जास्तीचे दिवे. ह्यांनी आपले चार त्यांत ठेवले. आजोबांनी मान लववली. "ज्येन दोब्री," हे म्हणाले. हसले नाहीत.

घरी आलो तेव्हा मी पणत्या लावल्या. दोन आमच्या दाराशी, दोन समोरच्या बंद दाराशी.

बाई वसंतात परतल्या नाहीत. गुडघ्याचे निमित्त पुढे चालू आहे. यंदा दिवाळी आणि १ नोव्हेंबर ह्यांत दिवसांचे अंतर पडले आहे, म्हणून आमच्याकडे दिवे दोनदा लागणार. बादली आणि किल्ली आमच्या स्वयंपाकघरात खुंटीला आहे. दिरांची पत्रे अजून येतात. परत जाण्याचा विषय कायमचा मिटला असेही मी म्हणणार नाही. म्हातारपणी कुठला विषय कायमचा मिटतो? पण परवा हे उत्तर लिहीत होते, तेव्हा मी खांद्यावरून डोकावले. लिहिले होते : "सध्या तरी येणं जमेल असं दिसत नाही. इथे घरचं एक काम अंगावर आहे."